मिसरी सोडल्यानंतरचं पहिलं माहेरपण: अंथुर्णे, भिगवण आणि मी

या ब्लॉगवर मी तुम्हाला बरंच फिरवलं. घाट दाखवले, देवळं दाखवली, कुठली मिसळ खावी आणि कुठली टाळावी हेही सांगितलं. एक गोष्ट मात्र इतकी वर्षं लपवली. प्रत्येक प्रवासात माझ्या पर्समध्ये कोल्ड क्रीमची एक छोटी डबी असायची आणि तिच्यात क्रीम सोडून दुसरंच काही असायचं. मिसरी! ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची आणि ती बोटाने दातांना, हिरड्यांना लावत बसायचं. दिवसातून तीनदा. माझं चारदा व्हायचं.

मी चव्वेचाळीस वर्षांची, पुण्यात एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, इस्त्रीच्या साड्या नेसते. बाथरूममध्ये मला वीस मिनिटं का लागतात हे आमच्या घरात कुणी विचारत नसे. डिसेंबरात दाताच्या डॉक्टरीणबाईंनी खालचा ओठ ओढून बघितला आणि आतला पांढरा चट्टा आरशात मला दाखवला. म्हणाल्या, "दोन महिने पूर्ण बंद. मग परत बघू. आहे तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल." माझ्या तोंडचं पाणीच पळालं. घरी आले आणि नवऱ्याला, विनयला, सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "डबीत क्रीम नाही हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत आहे."

डॉक्टरीणबाईंनीच आमच्या भागातल्या एका ध्यानवर्गाचं नाव सुचवलं. शिकवणाऱ्या बाई निवृत्त मेट्रन, त्यामुळे अगरबत्ती नाही, बासरी नाही आणि उशिरा आलं तर बोलणी. त्यांनी शिकवलेलं थोडक्यात असं: बसा, डोळे मिटा, श्वास येतो-जातो तो बघा. तल्लफ आली की पळू नका आणि भांडूही नका. ती अंगात नेमकी कुठे आहे ते शोधा. माझी हिरडीत नव्हतीच! ती उजव्या हाताच्या पहिल्या बोटात असायची, मग गळ्यात, मग कानांमागे. बघत राहिलं की फुगते, फुगते आणि हळूच बसते. बिनबोलावता आलेल्या पाहुण्याला हाकलायचं नाही, पण पाटही मांडायचा नाही, असं काहीसं. पहिले दहा दिवस मी फक्त चिडचिड करत बसले होते, हेही लिहून ठेवते. कुणाला वाटायला नको की डोळे मिटले आणि सुटली.

असे पन्नास दिवस झाले आणि आत्याचा फोन आला. "मने, हुरडा आलाय. येतीस का न्हाय?"

माझी ही आत्या अंथुर्ण्याला असते. आई लवकर गेली, त्यामुळे माझं माहेर तेच. आणि मी बारा वर्षांची असताना दाढ दुखली तेव्हा पहिली मिसरी लावली तीही तिनेच. विनय म्हणाला, "गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय आणि तू आदल्या आठवड्यात तिथे चाललीस?" मी म्हटलं, "मग काय आयुष्यभर माहेरी जायचं नाही?" बोलताना फार ठसक्यात बोलले. बॅग भरताना मात्र पर्समध्ये जुनी डबी राहिली नाही ना, हे तीनदा बघितलं.

शुक्रवार

स्वारगेटहून सकाळची बारामतीची विनाथांबा एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीची जागा अर्ध्या किमतीत मिळाल्याचा आनंद वेगळाच. अडीच तासांत बारामती. स्टँडबाहेर चहा आणि गरम वडा घ्या, आणि इंदापूरकडे जाणाऱ्या गाडीची चौकशी एकाच माणसाकडे करू नका, निदान तिघांकडे करा. मला तीन वेगळ्या वेळा सांगितल्या गेल्या आणि गाडी चौथ्याच वेळेला आली.

बारामती-इंदापूर रस्त्यावर या दिवसांत ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे मागे जायची तयारी ठेवा. एक ओलांडली की पुढे दुसरी. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कणसात आलेली ज्वारी, मध्येच दुधाची गाडी. शेजारच्या बाईंनी कंबरेची पिशवी सोडली, डबी काढली आणि माझं बोट आपोआप वळवळलं. मी डोळे मिटले. बोट, गळा, कान. ट्रॉली ओलांडून होईपर्यंत तल्लफही बसली. मी स्वतःवर भलतीच खूश झाले, आणि तिथेच माझं चुकलं असावं.

कारण आत्याच्या घराच्या वळणावरच तो वास आला. जळकट, तिखट, डोळ्यांत पाणी आणणारा. शेजारच्या कमलकाकू दारात उभ्या राहून शिंकत होत्या. म्हणाल्या, "आलीस व्हय! तुझ्यासाठीच भाजतीया सकाळधरनं. गल्लीला ठसका लावलाय निस्ता."

माहेरवाशीण येणार म्हणून कुणी पुरणाचं वाटतं, कुणी लाडू वळतं. माझ्या आत्याने ताजी मिसरी भाजली होती! तव्यावर काळाभोर ढीग, शेजारी नवी कोरी डबी. फोनवर मी सांगितलं होतं की सोडलीय म्हणून. ती म्हणाली, "आगं, मला वाटलं तिकडची बाजारातली सोडली. ती वाईटच असती. ही घरची हाय."

मी हसले, मग मला रडू येईल असं वाटलं, मग पुन्हा हसले. चट्ट्याचं तिला बोललेच नव्हते, आत्ताही बोलले नाही. आल्या आल्या कुणाच्या जिवाला घोर कशाला लावायचा? जेवण मात्र झकास झालं: बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण, ठेचा, ताक. जेवण झालं की माझी तल्लफ सगळ्यात मोठी असते. म्हणून भांडी आवरली आणि सरळ अंगणात कडुलिंबाखाली सतरंजी टाकून डोळे मिटून बसले. म्हटलं अर्धा तास काढू.

मोजून चार मिनिटं मिळाली.

"काय झालं गं तिला?" हा कमलकाकूंचा आवाज.

"कुणास ठाऊक. बसलीया निस्ती," आत्या.

कपाळावर एक हात आला. ताप नव्हता. मग आत्याची सून वैशाली लिंबूपाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "ताई, घोटभर घ्या. पित्त झालं असंल." मी डोळे न उघडता मान हलवली, तर कमलकाकूंनी ठरवलं की बोलायचीही ताकद राहिली नाही. पाठोपाठ मीठ-मोहऱ्या आल्या आणि माझ्यावरून तीनदा फिरल्या. दृष्ट काढून झाल्यावर आत्याचा मुलगा बाळू शेतातून आला आणि त्याने थेट विचारलं, "भाऊजींशी भांडून आलीस का?"

"ध्यान करतीय!" मी ओरडले. ध्यान करणाऱ्या माणसाने इतक्या जोरात ओरडू नये, कळतंय मला.

"मग सांगायचं न्हाय का," बाळू म्हणाला आणि खाट ओढून मी काय करते ते बघायला समोरच बसला.

शनिवार

आता खरं ते सांगते.

सकाळी चहा झाला, आणि मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी आत्या, कमलकाकू आणि आणखी दोघी अशी बैठक जमली. ही बैठक मी लहानपणापासून ओळखते. कोवळं ऊन, टेकायला भिंत, मधे डबी. कुणी फार बोलत नाही, कारण तोंडात बोट. आत्याने डबी माझ्यापुढे सरकवली. आग्रह केला नाही. तिने आग्रह केला असता तर मी नाही म्हटलं असतं. आमच्यात डबी नुसती सरकवतात, जवळच्या माणसाला सरकवतात तशी. मला वाटलं, नाही म्हटलं तर मी या भिंतीपासून उठून जाईन आणि परत कधी बसायला मिळणार नाही.

लावली. हो, त्रेपन्नाव्या दिवशी लावली.

दोन मिनिटं स्वर्ग. मग डोकं गरगरायला लागलं, घाम फुटला, उचकी लागली आणि मी पेरूच्या झाडाकडे धावले. सकाळचा चहा तिथेच गेला. आत्या मागून आली, पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मी तिच्या खांद्याला डोकं लावून लहान मुलीसारखी रडले. चट्टा, आरसा, गुरुवार, तुकडा तपासणं, सगळं एका दमात सांगून टाकलं.

आत्याने पदराने माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मीच लावली हुती तुला पैल्यांदी."

"दाढ दुखत होती माझी."

"दाढ चार दिसांत बरी झाली. मिसरी न्हाय ऱ्हायली चार दिसांची." आणि तोंडातलं सगळं थुंकून तिने चूळ भरली.

तिथे मला खूप अपराधी वाटत होतं. बावन्न दिवस पाण्यात, आता पुन्हा पहिल्यापासून, तुला जमणारच नाही, असं डोक्यात सुरू झालं. मेट्रनबाईंनी एकदा सांगितलं होतं की घसरलात तर घसरल्यावर जो विचार येतो तो जास्त त्रास देतो, त्याच्याकडेही तल्लफेसारखंच बघा. मी पेरूखाली बसले आणि बघितलं. तोही फुगला आणि बसला. बावन्न दिवस जागच्या जागी होते. शनिवार तेवढा वाईट गेला होता.

डोळे उघडले तर आत्या शेजारीच बसलेली. "त्या बसण्यात करता तरी काय गं?"

मी सांगितलं. श्वास, बोट, गळा, कान. तिला चटकन कळलं. मलाच आश्चर्य वाटलं.

"म्हंजी मिसरी लावल्यावर बसतो तसंच की," ती म्हणाली. "निस्ती मिसरी न्हाय."

"तशी मिसरी का लावता हो आत्या? दात तर दुखत नाहीत."

त्यावर तिने जे उत्तर दिलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. "तोंडात मिसरी आसली की कोन हाक मारत न्हाय. पानी दे म्हनत न्हाय, गुरं बघ म्हनत न्हाय. मिसरी लावलिया म्हनलं की आर्दा तास आपला. तशीच बसली तर म्हनत्याल, बसलीस का? बरं न्हाय का?"

जणू तिचं म्हणणं पटवून द्यायलाच घरातून बाळूची हाक आली. "आये, बॅटरी कुठं ठिवली?" आत्याने तोंड उघडलंच नाही. दगडावरून कमलकाकूंनीच परस्पर सांगितलं, "मिसरी लावलिया तिनं." बाळूने पुन्हा हाक मारली नाही. बॅटरी त्याची त्यालाच सापडली.

मला पुण्यातली माझी बाथरूमची वीस मिनिटं आठवली. घरात कडी लावता येईल असं ते एकच दार, आणि त्या दाराआड मी जाऊन मिसरी लावत होते. मला वाटायचं मला तंबाखू हवी असते. हवी असायचीच, ते काही खोटं नाही. पण त्याबरोबर ती कडीही हवी असायची. तंबाखू गेली तेव्हा कडीही गेली आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुपारी आत्यानेच शक्कल काढली. नवी डबी घासून कोरडी केली, रिकामीच समोर ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. डोळे मिटले. मी शेजारी. एवढ्यात वैशाली आली, डबी बघितली, "बसा, बसा," म्हणाली आणि निघून गेली. लिंबूपाणी नाही, मीठ-मोहऱ्या नाहीत! आत्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी आवाज न करता इतक्या हसलो की श्वास बघायचा राहूनच गेला.

संध्याकाळी शेतात हुरडा. आगटीत भाजलेली कोवळी कणसं तळहातावर चोळून काढलेले गरम दाणे, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दही. हुरड्याला जायचं तर जानेवारीच्या शेवटापर्यंत जा, नंतर दाणा टणक होतो. ओळखीचं शेत नसेल तर या भागात पैसे घेऊन हुरडा खिलवणारेही आहेत, आधी फोन करून जा. दाणे चोळताना हाताला काम आणि तोंडाला चव, दोन्ही एकदम मिळतं. मिसरी सोडणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगलं खाणं माझ्या तरी माहितीत नाही.

रविवार

भिगवणच्या इतक्या जवळ राहून आत्याने रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, कधी बघितले नव्हते. "पाखरं बघायला कोन जातंय, रानात काय कमी हायती?" असं तिचं म्हणणं. तरी आली. उजाडायच्या आधी बाळूने आम्हाला पिकअपमध्ये पुढे बसवलं आणि आतल्या रस्त्याने भिगवणकडे काढलं. स्वेटर घ्या, पाण्यावर गारठा असतो. धरणाच्या फुगवट्याच्या काठी वसलेल्या गावांतून होड्या मिळतात. भाडं अख्ख्या होडीचं असतं, म्हणून आणखी कुणी असेल तर वाटून घ्या.

होडीवाले तात्या साठीचे, बोलके. बरंच आत नेऊन त्यांनी बांबू रोवला आणि होडी थांबवली. समोर शेकडो रोहित, उंच काटकुळ्या पायांचे, मान पाण्यात. उन्हाची तिरीप आली आणि एक थवा उठला तेव्हा पंखांखालचा लाल रंग असा उघडला की मी "आई गं" म्हणाले. फोटो काढावा म्हणून मोबाईल शोधते तो आत्याकडे लक्ष गेलं. ती पाठ ताठ करून, मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून बसलेली!

तात्यांना राहवेना. "आक्का, पाखरं हिकडं हायती. डोळं मिटून काय बघताय?"

"बगितली की," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "आता आर्दा तास मला कोनी हाक मारायची न्हाय."

तात्या माझ्याकडे बघून हसले. त्यांनी सवयीने खिशातून तंबाखूची पिशवी काढली, आत्याकडे बघितलं, काय वाटलं कुणास ठाऊक, परत खिशात ठेवली. फार वेळ नाही ठेवली, दहा मिनिटांनी मळलीच. मी पण डोळे मिटले. पाणी होडीला लागत होतं आणि लांबून पक्ष्यांची कलकल येत होती. तल्लफ आली, बोटात. गेली. आत्याची गेली का ते मी विचारलं नाही.

जेवायला भिगवणला थांबलो. तळलेला चिलापी मासा, लालभडक रस्सा, बाजरीची भाकरी. महामार्गावर पाट्यांची कमतरता नाही, पण ट्रकवाले जिथे थांबलेत तिथे जा. आत्याने जेवण झाल्यावर सवयीने कंबरेला हात लावला, पिशवी घरीच राहिल्याचं आठवलं आणि बडीशेप मागून घेतली. दोनदा घेतली. दुपारची पुण्याची गाडी मला स्टेशनवरून मिळाली. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, बघूनच निघा. निघताना आत्या म्हणाली, "मी सोडीन आसं म्हनत न्हाय हां. वय झालंय माजं."

"म्हणूच नका," मी म्हटलं. "बसा नुसत्या."

घरी

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी ओठ ओढला, दिवा लावला आणि इतका वेळ बघत राहिल्या की मला तिथेच श्वास मोजावे लागले. चट्टा फिका झालाय, लहानही झालाय. तूर्त तुकडा नको, तीन महिन्यांनी परत या. शनिवारचं मी स्वतःहून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, कार्डावर लिहून घेतलं आणि "पुन्हा बसायला लागलात ना?" एवढंच विचारलं.

बसायला लागले, आणि बाथरूममध्ये नाही. आता बाल्कनीकडच्या खोलीत, सकाळी सव्वासहाला, आतून कडी लावून. विनयला आणि मुलीला सांगितलंय की पावणेसातपर्यंत मी घरात नाही असं समजा. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून पाच वेळा दार वाजवलं. साबण कुठाय, डबा कुठाय, बाहेर येणार केव्हा. आता एकदाच वाजवतात.

काल रविवारी दुपारी अंथुर्ण्याला फोन लावला. वैशालीने उचलला. सासूला तिकडे आत्याबाईच म्हणतात. ती म्हणाली, "आत्याबाई मागं बसल्यात, ताई. मिसरी लावलिया. मागनं करत्याल फोन."

मन एकदम खट्टू झालं. पण रागावण्यासारखं काय होतं? वय झालंय म्हणाली होतीच. "बरं," म्हटलं आणि ठेवणार, तोच पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला आणि वैशालीचा आवाज खाली गेला.

"ताई, कुनाला सांगू नगा. डबी रिकामीच आसती त्यांची. आट दिस झालं. मी डबी पुसायला घेतली तवा कळलं. त्यास्नी वाटतंय मला ठाव न्हाय."

मी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काय करायचं? पुशीली आन हुती तितं ठिवली," वैशाली म्हणाली. मग आणखी हळूच, "ताई, आसली एक डबी मला बी घ्यावी म्हनती. मी तर मिसरी लावतबी न्हाय."